पाहील त्याचे चित्र

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस घरातल्या भिंती मोकळ्या होतात. रंगाचा नाहीतर चुन्याचा हात द्यायचा म्हणून कॅलेंडर उतरते, देवादिकांच्या तसबिरी उतरतात, आजोबांचा हार घातलेला फोटो खाली येतो, आणि जिथे जिथे काही टांगलेले होते तिथे भिंतीचा जुना रंग चौकोनी होऊन उरतो. नव्या रंगावर पुन्हा खिळे ठोकायची वेळ आली की घरातली निम्मी माणसे एकमेकांना विचारतात, ‘हे इथंच होतं ना?’ वर्षभर रोज ज्याच्यासमोरून ये-जा केली, त्याची जागाही आपल्याला नीटशी आठवत नाही. भिंतीवर लावणे आणि भिंतीवरचे पाहणे, या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत हे त्या दिवशी ध्यानात येते.

गोष्ट क्षुल्लक आहे, पण तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. सुंदर वस्तू कुणाची? जिने ती घडवली त्या हातांची, ज्याने पैसे मोजले त्याची, की जो तिच्यासमोर क्षणभर थांबला त्याची?

मोठ्या शहरांतून आता अशी जोडपी आहेत, की ज्यांच्या फ्लॅटमध्ये शिरल्यावर भिंत दिसतच नाही. जिवंत चित्रकारांची अस्सल चित्रे, शिल्पे, कागदावरची रेखाटने यांनी घर भरलेले असते. अशा घरांविषयी लोक दोन तऱ्हेने बोलतात. काहींना ते सुसंस्कृतपणाचे शिखर वाटते. काहींना ती पैसेवाल्यांची मिजास वाटते, आणि आमच्या धाराशिवसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात हा दुसरा सूर अधिक ऐकू येतो. मला दोन्ही मते घाईची वाटतात. घर आणि भिंत पाहून निकाल देता येत नाही. त्या मालकीचे पुढे काय झाले ते पाहावे लागते.

मालकीचा विषय निघाला की आमच्याकडे सातबारा काढतात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा उतारा होतो. सातवर जमीन कुणाच्या नावे आहे ते असते. बारावर त्या जमिनीत काय पिकले आणि किती पडीक राहिली ते असते. या कागदाची थोरवी मला अशी वाटते, की ‘मालक कोण’ एवढे विचारून तो थांबत नाही. ‘मग तू या जमिनीचे केलेस काय’ हेही विचारतो. आमचा जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथे १९५० साली कूळकायदा झाला, आणि ‘कसेल त्याची जमीन’ हे शब्द पुढे घराघरांत पोहोचले. जमिनीला लावलेला हा न्याय चित्राला लावून पाहावा, असे माझ्या मनात बरेच दिवस आहे. कसेल त्याची जमीन, तर पाहील त्याचे चित्र, असे म्हणता येईल काय?

हे पारखून पाहायला आपल्याकडचेच एक जोडपे घेऊ. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांना कवी म्हणून लोक ‘अज्ञातवासी’ या नावाने ओळखत. घरचा धंदा चष्म्यांचा. दुसऱ्यांना स्पष्ट दिसावे म्हणून भिंगे विकणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र निराळेच दिसू लागले. वाड्यांतून मोडीत निघालेले दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, कोरीव दरवाजे, स्वयंपाकघरातली भांडी या वस्तू त्याला नुसत्या वस्तू वाटेनात. तो त्या गोळा करीत हिंडू लागला. १९२० च्या सुमारास लागलेले हे वेड जन्मभर टिकले, आणि पत्नी कमलाबाई त्यात बरोबरीने राहिल्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. पुढे संग्रहाला त्याचेच नाव दिले गेले, आणि १९७५ साली केळकरांनी तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ या नावाने तो पुण्यात उभा आहे. वस्तू सुमारे वीस हजार. त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या.

केळकरांनी जमवल्या त्या वस्तू बहुतेक अनामिक कारागिरांच्या होत्या. ज्या बाईने त्या अडकित्त्याने सुपारी कातरली, तिला तो कलावस्तू आहे हे कुणी सांगितले नव्हते. घरात होता तोवर तो वापरात होता. वापर संपला तेव्हा तो मोडीच्या वाटेला लागला, आणि त्या वाटेवर हा पाहणारा भेटला. सातवर नाव वाड्याच्या मालकाचे होते, पण बाराचा रकाना कोरा पडला होता. तो केळकरांनी भरला. म्हणून ती वस्तू खऱ्या अर्थाने त्यांची झाली, आणि पुढे आपली झाली.

इथे कुणी म्हणेल, पाहील त्याचे चित्र असेल, तर मग चित्र विकत तरी कशाला घ्यायचे? बाजारात उभे राहून पाहावे आणि घरी यावे. हा आक्षेप जुन्या वस्तूंना एक वेळ लागू पडेल, पण जिवंत चित्रकाराच्या बाबतीत तो टिकत नाही. अडकित्ता घडवणारा लोहार केव्हाच गेला. त्याला आता आपल्या पैशांची गरज नाही. आज चित्र काढणाऱ्याला मात्र पोट आहे, घरभाडे आहे, रंग आणि कॅनव्हास विकत आणायचे आहेत. नुसत्या पाहण्याने त्याची चूल पेटत नाही.

स्वातंत्र्याच्या सुमाराला मुंबईत हुसेन, रझा, सूझा, आरा, गाडे, बाकरे ही मंडळी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ म्हणून १९४७ साली एकत्र आली, तेव्हा नव्या चित्रांना गिऱ्हाईक फारच थोडे होते. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने १८९४ पासून देवदेवता घराघरांत नेल्या होत्या आणि लोकांची नजर त्या चित्रांना सरावली होती. त्या नजरेला हुसेनचे घोडे कसे रुचणार? अशा वेळी केकू गांधींनी १९४१ मध्ये सुरू केलेल्या चौकटींच्या धंद्यातून, तसबिरी मढवता मढवता, या तरुणांची चित्रे लोकांपुढे मांडली. पुढे १९६३ साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीर कलादालनाच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, आपली ‘गॅलरी केमोल्ड’ थाटली. युरोपातून परागंदा होऊन आलेले वॉल्टर लांगहॅमर आणि त्यांच्या पत्नी केटे यांचे नेपियन सी रोडवरचे घर हे या तरुणांचे हक्काचे बसायचे ठिकाण होते. तिथे युरोपातल्या चित्रांच्या प्रती पाहायला मिळत, आणि वाद घालायला माणसे मिळत. इमॅन्युएल श्लेसिंगर चित्रे विकत घेत. हे लोक जगाने नाव घेण्याच्या आधी पैसे मोजीत होते, हे महत्त्वाचे. पीक उभे राहिल्यावर खरेदीला व्यापारी येतोच. पेरणीच्या वेळी बियाण्याला हात देणारा विरळा.

उलट, जगाने नाव घेतल्यावर काय होते, त्याचा एक दाखला अगदी अलीकडचा आहे. आमच्या शेजारच्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनांनी १९५४ साली ‘ग्रामयात्रा’ नावाचे मोठे चित्र काढले. तेरा चौकटींत भारतीय खेड्याचे जीवन. दिल्लीला कामानिमित्त आलेल्या एका डॉक्टरने ते त्याच वर्षी घेतले, नॉर्वेला नेले, आणि १९६४ मध्ये ते ओस्लोच्या इस्पितळाच्या वाट्याला आले. तिथल्या मार्गिकेत ते टांगलेले राहिले, आणि सुमारे सत्तर वर्षे बाहेरच्या जगाच्या नजरेस पडले नाही. मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला एक कोटी सदतीस लाख डॉलरांच्या वर, म्हणजे सुमारे ११८ कोटी रुपये आले. वर्तमानपत्रांनी आकडा ठळक छापला. त्या चित्रातली माणसे काय करीत आहेत, हे किती जणांनी पाहिले असेल? किंमत कळली की पाहणे संपते, असा माणसाचा विचित्र स्वभाव आहे. बाजारभाव हा सातवरचा फेरफार आहे. बारावर त्याने काहीच उगवत नाही. चित्र घेऊन ते कोठारात ठेवायचे आणि भाव चढला की काढायचे, हा धंदा कायद्याने निर्दोष असेल, पण माझ्या हिशेबी ती पडीक जमीन आहे.

आता सातासमुद्रापलीकडचे एक जोडपे सांगतो, कारण या प्रश्नाच्या बहुतेक बाजू त्या एका घरात एकत्र आल्या होत्या. न्यूयॉर्कचा हर्बर्ट व्होगेल हा शिंप्याचा मुलगा. शाळा अर्ध्यावर सोडलेली. टपालखात्यात रात्रपाळीला पत्रांची वर्गवारी करण्याची नोकरी. त्याची पत्नी डोरोथी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. १९६२ साली त्यांचे लग्न झाले. आरंभी दोघेही चित्रे काढीत. नंतर त्यांनी तो नाद सोडला आणि दुसऱ्यांची चित्रे घेण्याचा धरला. डोरोथीच्या पगारात घर चालवायचे आणि हर्बर्टच्या पगारात चित्रे घ्यायची, असा त्यांचा बेत. नियम दोनच: आपल्याला परवडले पाहिजे, आणि आपल्या घरात मावले पाहिजे. घर म्हणजे निजायची एकच खोली असलेला भाड्याचा फ्लॅट. त्यात मांजरे, कासवे आणि मासे. मूल नव्हते. ज्या चित्रकारांना तेव्हा कुणी विचारीत नव्हते, त्यांच्या कामाच्या जागी जाऊन ही दोघे तासन्‌तास पाहत बसत आणि हप्त्याने पैसे देत. क्रिस्टो या कलावंताचे एक चित्र तर त्यांनी त्याच्या मांजराची देखभाल करण्याच्या बदल्यात मिळवले.

असे करता करता भिंती भरल्या, छत भरले, पलंगाखालची जागा भरली, कपाटे भरली. चार हजारांच्या वर कलाकृती झाल्या. काहींच्या किमती पुढे आभाळाला भिडल्या, पण त्या दोघांनी एकही विकली नाही. १९९२ साली त्यांचा संग्रह वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाकडे गेला. त्या एवढ्याशा घरातून तो न्यायला पाच मोठ्या मालमोटारी लागल्या. लग्नानंतर फिरायला म्हणून ही दोघे ज्या संग्रहालयात गेली होती, तेच हे. संग्रहालयाने त्यांना थोडे वर्षासन दिले, तर त्यातून त्यांनी आणखी चित्रेच घेतली. २००८ मध्ये पन्नास राज्यांतल्या पन्नास संस्थांना प्रत्येकी पन्नास कलाकृती देण्याची योजना जाहीर झाली. हर्बर्ट २०१२ मध्ये वारला.

ही गोष्ट मी एकदा सातवीच्या वर्गाला सांगितली. एका मुलाने पहिला प्रश्न विचारला, ‘गुरुजी, मग ती दोघं झोपायची कुठं?’ वर्ग हसला. मग एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी त्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी होते. ती म्हणाली, ‘गुरुजी, तेवढ्या पैशात बोअर घेतला असता की.’

‘आणि पाणी लागलं नसतं तर?’

‘निदान खोदून तरी बघितलं असतं.’

त्या मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तहान लागलेल्या घरात चित्राची किंमत शून्य, असे म्हणण्याचा तिचा अधिकार मी मान्य करतो. सरकारने टँकर थांबवून चित्रे घेतली, तर तिच्या बाजूने मीही उभा राहीन. पण टपाल खात्यातल्या कारकुनाने चित्र घेतले नसते म्हणून कुठे बोअर पडला असता, असे होत नाही. तो पैसा सहलींत, हॉटेलांत, मोठ्या घराच्या भाड्यात गेला असता. आपल्याकडे लग्नात डीजे आणि मंडप यांवर दोन एकराचे पीक एका रात्रीत उडते, काही घरे त्यापायी सावकाराच्या दारात जातात; तिथे ‘बोअर घेतला असता’ असे कुणी म्हणत नाही. हा हिशेब आपण फक्त सौंदर्याकडूनच का मागतो? शिवाय त्या मुलीच्याच अंगणात, पाणी मोजून वापरण्याच्या दिवसांतही, सकाळी रांगोळी असते. तिची आई ती घालते, आणि दुपारपर्यंत ती पायांखाली पुसून जाते. तिला सात नाही, नुसताच बारा आहे. सौंदर्याची भूक पोट भरल्यावरच लागते, हे काही मला खरे वाटत नाही.

तरी एवढ्याने व्होगेल दांपत्य पार निर्दोष सुटते असे नाही. माझ्या मनाला दोन शंका चावतात.

पहिली घरातली. कुठल्याही छंदाची किंमत घरातले दुसरे कुणीतरी मोजत असते. नवरा पुस्तके आणतो, नाणी जमवतो, नाटकाच्या पायी घरदार विसरतो. आणि वाण्याची उधारी बायकोच्या तोंडावर येते. मराठी घरांतून अशी किती वेडे गौरवाने सांगितली जातात, आणि ती ज्यांच्या जिवावर पोसली गेली त्या बायकांची नावे कुठेच नसतात! व्होगेलांच्या घरी निदान हे उघड होते. घर डोरोथीच्या पगारावर चालत होते हे दोघांनी जगाला सांगितले, आणि संग्रहाला नाव दोघांचे राहिले. छंद दोघांचा असेल तर तो संसार. एकट्याचा असेल तर बहुधा दुसऱ्याची उपासमार. शहरातल्या घरात एखादा संग्रह पाहिला की मी मनात पहिला प्रश्न हाच विचारतो: ही भिंत दोघांनी मिळून भरली आहे काय?

दुसरी शंका अधिक बोचते. एका खोलीत चार हजार वस्तू म्हणजे त्यांतल्या बहुतेक पलंगाखाली आणि कपाटात. उजेडाने खराब होऊ नयेत म्हणून काही झाकलेल्याही असणार. म्हणजे ज्यांनी जन्मभर पाहण्याचा ध्यास घेतला, त्यांच्याच घरात बाराचा रकाना कोरा राहू लागला. प्रेमानेसुद्धा जमीन पडीक पडते. एका कुटुंबाला कसता येईल त्याहून अधिक जमीन त्याच्याकडे असू नये, म्हणून महाराष्ट्राने १९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा केला. पाहण्यालाही अशी एक कमाल मर्यादा आहे. माणसाला डोळे दोन, आणि दिवसाचे तास चोवीस. ती मर्यादा ओलांडली की प्रेम साठेबाजीच्या जवळ जाते, आणि मग वाटून टाकणे हाच त्यावर उपाय उरतो. १९५१ साली विनोबांना पहिले भूदान मिळाले ते पोचमपल्लीला, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद राज्यातच. पन्नास राज्यांना पन्नास-पन्नास कलाकृती वाटण्याची ती योजना वाचली तेव्हा मला भूदानाची आठवण झाली. विकले नाही यापेक्षा वाटले, हे मला मोठे वाटते.

मात्र वाटून दिल्याने आपल्यावरची जबाबदारी संपत नाही. उलट ती तिथे सुरू होते. हे समजायला न्यूयॉर्कला जायला नको, आमच्या जिल्ह्यातले तेर पुरे आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचे नाव येते, आणि इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई असे त्यात म्हटले आहे. गोरोबाकाकांचेही गाव हेच. या गावाच्या पांढरीत माती खणली की खापरे, मणी, मातीच्या मूर्ती वर येत. पोरे त्यांच्याशी खेळत आणि टाकून देत. गावातलेच रामलिंगप्पा लामतुरे ते तुकडे जमवू लागले. हजारो वस्तू झाल्या, आणि आज तेरचे शासकीय संग्रहालय त्यांच्या नावाने आहे. त्यात हस्तिदंताची एक बाई आहे. तिच्यासारखीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली, आणि ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात कुण्या धनिकाच्या घरी ती होती. तिलाही कुणीतरी दूर देशीची नवलाईची वस्तू म्हणून हौसेने घरात मांडले असेल, आलेल्या पाहुण्यांना दाखवले असेल.

त्या पाँपेईच्या घराचा मालक कोण होता, त्याने किती मोहरा दिल्या, हे आज कुणाच्या खिजगणतीत नाही. तेरच्या मूर्तीच्या सातवर आता शासनाचे, म्हणजे तुमचे-माझे नाव आहे. तिच्यासाठी आपल्याला पैसे मोजावे लागले नाहीत, घरात जागा करावी लागली नाही, कुणाचा बोअर अडला नाही. धाराशिवहून तेर तासाभराच्या आतली वाट आहे. सुटीत लेकुरवाळी माहेरी येतात, भावंडे जमतात, फराळ झाल्यावर दुपारी काय करावे हा प्रश्न पडतो. संग्रहालय उघडे असेल त्या दिवशी एसटीने पोरांना घेऊन जावे. हजार वस्तूंवरून नजर फिरवण्यापेक्षा एकीसमोर पाच मिनिटे उभे राहावे. तिचे केस कसे बांधले आहेत, कमरेला काय आहे, पायांत किती कडी आहेत, ते मुलांना मोजायला सांगावे. कुणी एखादे पोर परत येऊन पाटीवर नाहीतर वहीत तिचे चित्र काढील. ते वेडेवाकडे असेल. यंदा रंगवलेल्या भिंतीवर त्याच्यासाठी एक खिळा ठेवायला हरकत नाही.